ट्रेलरला वाली कोण?

गेले तीन शनिवार मी एका ट्रेलरखाली उताणा पडून काढलेत. फोनवर आईने विचारलं, "तू विमान उडवायला जातोस ना रे? मग कपड्यांना ग्रीस कसलं?" काय सांगणार, कप्पाळ!

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पुणेकरांनी हडपसरच्या सेंटरवर पाहिलं असेल. तिथे मी पाहिलेली ग्लायडरं हँगरमध्ये असायची. इथे श्टुटगार्टजवळ हँगरमध्ये जागा मिळणं म्हणजे डेक्कनला रविवारी संध्याकाळी पार्किंग मिळण्यासारखं. त्यामुळे उडून झालं की पंख काढायचे आणि सगळं एका लांबलचक ट्रेलरमध्ये भरायचं. शिवाय वर चढणारी गरम हवा मध्येच संपली तर कुणाच्या तरी शेतात उतरावं लागतं. मग मित्र गाडीला ट्रेलर जोडून शोधत येतो. ट्रेलर नाही तर उडणं नाही, इतकं साधं आहे.

आम्हा तिघांत मिळून एक जुनं 'स्टँडर्ड लिबेल' आहे. लिबेल म्हणजे आपला चतुर. हे मॉडेल पहिल्यांदा उडालं १९६७ साली, एकूण सहाशेच्या आसपास बनली. बनवणारी ग्लासफ्लूगेल कंपनी १९८२ मध्ये बंद पडली. पण गंमत बघा, विमान अनाथ झालं नाही. हान्सयॉर्ग श्ट्रायफेनेडर यांच्या कंपनीने या विमानांची जबाबदारी घेतली. विमानाच्या प्रत्येक प्रकारामागे कागदोपत्री कुणीतरी उभं असावं अशी विमानवाहतुकीची व्यवस्थाच आहे. आणि त्याच विमानाला इतकी वर्षं पोटात घेऊन फिरणारा ट्रेलर? त्याचा कारखाना केव्हाच बंद. ना ड्रॉइंग, ना सुट्या भागांची यादी.

मागच्या वर्षी हे अंगाशी आलं. ट्रेलरमध्ये साडेसात मीटरचा एकेक पंख पुढची कड खाली करून उभा असतो, टोकाकडे त्याला फायबरच्या खोबणीचा आधार. ऑटोबानवर ती खोबण तडकली. आम्ही दीड तासाने कॉफीला थांबलो म्हणून कळलं. छत उघडलं तर पंख बाजूच्या पत्र्यावर घासत होता, पांढऱ्याशुभ्र जेलकोटवर वीतभर ओरखडा. पोटात गोळा आला हो. थोडं आणखी खोल गेलं असतं तर ते वर्ष दुरुस्तीतच गेलं असतं.

मग मी सॉफ्टवेअरवाला असल्याचा पुरावा दिला. थ्री-डी प्रिंटर काढला! खोबण फार मोठी, म्हणून आधी मागच्या छोट्या पंखाचा धारक छापला, पीएलए प्लॅस्टिकमध्ये. दिसायला झकास. जुलैच्या उन्हात बंद ट्रेलरमध्ये तो मेणासारखा वाकला. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे मला वाचून माहीत होतं. वाचून.

शेवटी क्लबातल्या एका निवृत्त टर्नर काकांनी शिकवलं. (जर्मन आहेत, पण वृत्तीने काकाच.) पंखावर आधी पातळ प्लॅस्टिक ताणून लावायचं, त्यावर कार्पेटच्या जाडीइतका थर, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक आणि मग काचेचं कापड आणि इपॉक्सी, चार-पाच थर. रात्रभर सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी निघते ती त्याच पंखाची, त्याच जागेची खोबण. मधला थर काढून आत कार्पेट चिकटवायचं. इतकी घट्ट-सैल बरोबर वस्तू कुठल्या दुकानात मिळाली नसती.

छताचे गॅसचे दांडे, हॅचबॅकच्या डिकीला असतात तसे, त्याहून सोपे. नळीवर किती न्यूटनचा ते छापलेलं असतं. लांबी मोजली, दोन्ही टोकं पाहिली, ऑर्डर केली, संपलं.

ब्रेकची गोष्ट वेगळी. उतारावर ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, तो धक्का दांड्यातून आणि केबलमधून चाकापर्यंत जातो, असे हे ब्रेक. एक केबल गंजून अडकली होती. मी काकांना म्हटलं, हिला पुढे बसवायचं टोक लेथवर करून द्या. साफ नाही म्हणाले. "खोबण तुटली तर तुझा पंख जाईल. हे तुटलं तर मागून येणाऱ्याचा जीव." माझंही आता हेच मत आहे. तुटल्यावर फक्त आपलं नुकसान होईल ते घरी बनवावं. ब्रेक, ॲक्सल आणि हुक विकतच घ्यावेत. ॲक्सल तर उघडायचाही नाही. त्यात स्प्रिंगऐवजी नळीत दाबून बसवलेले रबराचे दांडे असतात, ते म्हातारे झाले की ॲक्सल बदलायचा.

केबल मागवली. बसेना. दुसरी मागवली. तीही बसेना! दोन शनिवार गेल्यावर चाक काढून ब्रेकवरची अक्षरं घासून पाहिली तर १६३७. म्हणजे १६० मिलिमीटरचा ड्रम, वेगळ्याच कंपनीचा. माझ्याआधीच्या कुण्या मालकाने अख्खा ॲक्सल बदलला होता आणि कुठे चकार शब्द लिहून ठेवला नव्हता. ऑफिसात असा बिनकॉमेंटचा कोड सोडून गेलेल्या माणसाला आपण काय काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. :-)

म्हणून माझी खरी तक्रार सुटे भाग मिळत नाहीत ही नाहीच. बाजारात ती केबल आजही आहे. नव्हती ती माहिती. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्यात वॉशिंग मशीन आहे, फोन आहे, ट्रेलर नाही. कारखाना बंद करणाऱ्याने निदान ड्रॉइंग खुली करावीत अशी सक्ती हवी, असं मला ठामपणे वाटतं. पण आमच्या ट्रेलरच्या बाबतीत गुन्हेगार कारखाना नव्हता, आमच्यासारखाच एक हौशी मालक होता. त्याला एक पेन पुरलं असतं.

"नवा घ्या की!" असं ऑफिसातला मित्र म्हणाला. नवा बंद ट्रेलर आमच्या लिबेलपेक्षा महाग पडतो, बाबा.

तर आता छताच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहिलंय: ब्रेक १६३७, केबलच्या दोन्ही लांब्या (नुसत्या बाहेरच्या नळीची आणि पूर्ण तारेची), दांड्यांचे न्यूटन, खोबणीत किती थर आणि कुठलं इपॉक्सी, टायरवरचा आठवडा आणि वर्ष. खाली तारीख. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं, आणि मार्कर घेऊन माझा एक आकडा दुरुस्त केला.