छडी, उपोषण आणि न वाचलेले पुस्तक

शांता आपटे हे नाव मराठी लेखनात येते ते दोन किश्श्यांच्या खांद्यावर बसून. पहिला किस्सा छडीचा : ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांच्या कचेरीत जाऊन त्यांना झोडपल्याचा. दुसरा उपोषणाचा : १९३९ साली पुण्यात ‘प्रभात’च्या दारात ठाण मांडून अन्नत्याग केल्याचा. सांगणारा रंगात आला की त्या दिवशी अंगावर कपडे कोणते होते तेही सांगतो. मग ‘मानी, तापट नटी’ असा शेरा मारून लेख संपतो. तिसरी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती अशी की, त्या उपोषणाच्या पुढच्याच वर्षी, १९४० साली, या बाईंनी मराठीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. ‘जाऊ मी सिनेमात?’ हे त्याचे नाव.

एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे स्त्रियांची आत्मकथने शिकवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे पुस्तक उघडले आहे? प्रश्न खवचट वाटेल, वाटू द्यावा.

शांताबाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर आणि गाण्याचे शौकीन. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शिक्षण झाले आणि पुण्याच्या गणेशोत्सवात ही मुलगी गाऊ लागली. पोरवयातल्या त्या गळ्यानेच त्यांना भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) राधा म्हणून नेले. कृष्ण होता शाहू मोडक, तोही गाणारा पोरगाच. दोन कोवळ्या गळ्यांवर चित्रपट तरला आणि दोघेही एका रात्रीत नट झाले. शांताबाईंचे जन्मसाल काही ठिकाणी १९१६ छापले जाते, काही ठिकाणी १९२३. दुसरे खरे मानले तर ती राधा नऊ वर्षांची ठरते! एवढी साधी विसंगती निस्तरण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत. नाटककारांच्या जन्मतिथींवर मात्र आपल्याकडे शोधनिबंध निघतात.

‘प्रभात’मध्ये केशवराव भोळ्यांनी त्यांच्या गळ्याकडून जे काम करून घेतले ते ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) ऐकू येते. पण ऐकण्याइतकेच ते पाहण्याचे आहे. त्या काळी गाणे आले की पात्र थिजायचे. कॅमेरा थांबे, नट थांबे, गळा तेवढा चाले. शांताबाई गाताना डोळे, हात, खांदे हलवत. गाणे हा अभिनयाचा विसावा नसून अभिनयच आहे हे पडद्यावर दाखवणाऱ्या ज्या थोड्या जणी होत्या, त्यांत त्या अग्रभागी होत्या.

आणि मग ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. ‘शारदा’ आपण सगळेच शिकवतो. देवलांची शारदा १८९९ ची. वृद्धाशी लग्न लावले जाणारी ती मुलगी आक्रंदते, आणि तिची सुटका बाहेरून होते. ‘कुंकू’तल्या नीराचे लग्न लागून गेलेले आहे. सुटकेला कोणी येणार नाही, हे ओळखून ती ते लग्न मानायलाच नकार देते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. त्या घुसमटीत नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. मराठी घरातल्या सुनेच्या तोंडी हे गाणे चमत्कारिक वाटायला हवे होते. वाटत नाही, कारण गाणारीने त्यात आपला हट्ट ओतला आहे. ‘शारदा’ ते ‘कुंकू’ हा अडतीस वर्षांचा प्रवास एका प्रश्नपत्रिकेत कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उपोषणाकडे पुन्हा वळू. १९३९ साली उपोषण ही लहर नव्हती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या गिरणगावात संप झाला होता. करार, पगार, मालक आणि कामगार हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात होते. अशा वेळी कंपनीशी झालेल्या कराराच्या वादातून एक पगारदार नटी कंपनीच्याच फाटकात उपाशी बसते, याला ‘स्वभाव’ म्हणायचे की राजकारण? गिरणी कामगाराने हेच केले असते तर आपण त्याला तापट म्हटले नसते.

‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकाचा विषय नेमका हाच आहे. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींच्या मनातला प्रश्न शीर्षकात घेऊन त्या चित्रव्यवसायाकडे धंदा म्हणून पाहतात : भांडवल कोणाचे, राबते कोण, करारात नट काय विकून बसतो, कामाच्या तासांनी शरीर आणि मन कसे झिजते. झगमगाटामागचा थकवा हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. नटीचे काम हेही श्रम आहेत असे १९४० साली मराठीत मांडणारी ही बाई त्या वेळी लोकप्रियतेच्या ऐन भरात होती, हे विसरू नये. देबश्री मुखर्जी यांनी ‘बॉम्बे हसल’ (२०२०) या इंग्रजी ग्रंथात शांताबाईंच्या या विचाराची गंभीर दखल घेतली. मराठी पुस्तकाची किंमत इंग्रजीतून कळावी, हे आपल्याला नवे नाही म्हणा!

माझा आक्षेप विस्मरणावर नाही. विसरणे मानवी आहे. आक्षेप निवडीवर आहे. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आपण डोक्यावर घेतले, आणि योग्यच केले. दुर्गा खोट्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ वाचले, स्नेहप्रभा प्रधानांचे ‘स्नेहांकिता’ वाचले. म्हणजे नटीने लिहू नये असे आपले म्हणणे नाही. तिने स्वतःविषयी लिहावे, भोगलेले सांगावे, डोळे ओले करावेत, असे म्हणणे आहे. तिने व्यवस्थेविषयी लिहिले, निष्कर्ष काढले, की ते पुस्तक कोणत्या कप्प्यात ठेवायचे ते आपल्याला सुचत नाही. आत्मकथन नाही म्हणून स्त्री-साहित्यात नाही. लेखिका नटी आहे म्हणून वैचारिक साहित्यात नाही. भोळ्यांनी संगीतावर लिहिले ते समीक्षा ठरले, शांतारामबापूंनी ‘शांतारामा’ लिहिले ते इतिहास ठरले. त्याच स्टुडिओत राबलेल्या बाईने लिहिले ते काय ठरले? काहीच नाही.

यावर एक उत्तर मला तोंडपाठ आहे : ‘ते वाङ्मयीन नाही हो, आणि खरोखर त्यांनीच लिहिले असेल कशावरून?’ ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दबद्ध केले, हे जाहीर आहे. तिथे लेखनसाह्य अडले नाही. वाङ्मयीनतेचे म्हणाल तर लोकहितवादींची पत्रे आपण कोणत्या अलंकारांसाठी शिकवतो?

ठाकूरद्वारच्या परिसराला तरी ही सोवळी-ओवळी शोभत नाहीत. इथूनच जवळ, गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमात १९३१ साली ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू-गाऊ लागला. ‘संत तुकाराम’ने सेंट्रलमध्ये वर्षाहून अधिक मुक्काम ठोकला. आणि केशवराव कोठावळ्यांनी १९४२ साली पुस्तकांचे दुकान काढले तेही मॅजेस्टिकच्याच सान्निध्यात. नावही सिनेमाचेच घेतले. पुढे त्या नावाने मराठीतले किती महत्त्वाचे साहित्य छापले गेले ते वाचकांना सांगायला नको. पुस्तक आणि सिनेमा यांची भिंत एके काळी सामाईक होती. त्या भिंतीला कुंपण घातले ते आपल्या अभ्यासक्रमांनी.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका होत्या, नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. लाहोरला ‘जमीनदार’ (१९४२) केला. १९४६ च्या ‘सुभद्रा’त त्यांच्याबरोबर सतरा वर्षांच्या लता मंगेशकर गायल्या. पार्श्वगायन रूढ झाल्यावर गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा अशी श्रमविभागणी झाली, आणि दोन्ही स्वतःचे असणाऱ्या नटीची गरज धंद्याला उरली नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी अंधेरीत त्यांचे निधन झाले.

अभ्यासमंडळांवर आपलीच माणसे बसतात. पुढच्या वेळी यादी करताना ‘सांगत्ये ऐका’च्या शेजारी ‘जाऊ मी सिनेमात?’ ठेवून पाहावे, आणि विद्यार्थ्यांना आधी ‘कुंकू’ दाखवावा. छडीचा किस्सा त्यांना हवाच असेल तर परीक्षेनंतर सांगता येईल.