एटापल्लीहून, पुण्यामुंबईच्या वाचकांस



मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात राहतो. माडिया आदिवासी आहे. आश्रमशाळेत शिकलो, गडचिरोलीला बी.ए. केलं, आणि परत गावात आलो. गावाचं किंवा माझं नाव या पत्राखाली टाकणार नाही. त्याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा. आमच्याकडे सही केलेला कागद कुणाच्या हाती पडेल याचा विचार करावा लागतो. कागदांवरून, फोटोंवरून, कुणी कुणाला जेवू घातलं एवढ्यावरून आमच्याकडे माणसं उचलली गेली आहेत, कधी पोलिसांकडून, कधी नक्षलवाद्यांकडून.

सरकारशी भांडायला आमच्याकडे निवेदनं आहेत, मोर्चे आहेत, परवडलं तर कोर्ट आहे. हे पत्र सरकारला नाही, तुम्हाला आहे. सरकारकडून मी फारशी आशा ठेवलीच नव्हती. तुमच्याकडून ठेवली होती. अन्यायाविरुद्ध बोलायचं असतं हे मला मराठी पुस्तकांनी शिकवलं, आणि ती पुस्तकं तुमच्या घरातल्या कपाटांतही आहेत.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्या दिवशी माझा फोन सारखा वाजत होता. कॉलेजातले मित्र, कधीतरी शिबिराला येऊन गेलेले पाहुणे, एक निवृत्त प्राध्यापक. सूर एकच, अभिनंदन, सुटलात एकदाचे. नक्षलवाद संपवायला केंद्रानं 31 मार्च 2026 ही तारीख आधीच ठरवून दिली होती, त्यामुळे तुमच्याकडे उलटी मोजणी सुरूच होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? रात्री कुत्री भुंकली की पोटात गोळा यायचा, तो आता येत नाही. पण फोन करणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की मग आता पोलिसांचे कॅम्प कमी होणार का, सुरजागडची खाण थांबणार का, जेलमधली पोरं घरी येणार का. नक्षलवादी गेले म्हणजे आमचं म्हणणंही त्यांच्याबरोबर गेलं, असं तुम्ही धरून चाललात. माझं दुखणं तिथंच आहे. आमचा नकार तुम्ही आजवर त्यांचाच नकार समजत आलात.

नक्षलवाद्यांना आमच्याकडे दादालोक म्हणतात. त्यांची बाजू मी घेणार नाही. माझ्या मामाला त्यांनीच रात्री घरातून नेलं, खबऱ्या म्हणून. मामाला धड मराठी येत नव्हतं, तो पोलिसांना कसली खबर देणार होता कोण जाणे. त्याच मामाचा मोठा मुलगा आज पोलिसात आहे. तुमच्या पेपरात ‘नक्षल विरुद्ध पोलीस’ असं छापून येतं तेव्हा आमच्याकडे एकाच घरात दोन्हीकडचं सुतक असतं. लाहेरीला 2009 मध्ये 17 पोलीस मारले गेले, जांभुळखेड्याला 1 मे 2019 रोजी 15 जवान आणि त्यांचा गाडीवाला. पोलिसांचं सी-60 हे नक्षलविरोधी पथक 1990 मध्ये उभं केलं तेच मुळी इथल्या पोरांना घेऊन, कारण जंगल त्यांना माहीत. आणि दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या तुकडीत, मेलेली पोरंही इथलीच.

22 एप्रिल 2018 आठवतं का? कसनासूर-बोरियाजवळ इंद्रावतीच्या काठी चकमक झाली. पुढे नदीतून प्रेतं निघत राहिली आणि आकडा चाळीसच्या घरात गेला. मोबाइलवर जवानांच्या नाचाचा व्हिडिओ फिरला, तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्याच दिवसांत गट्टेपल्लीचे आईबाप पोरांचे फोटो घेऊन पोलिसांच्या दारात उभे होते. त्यांचं म्हणणं होतं, आमची आठ पोरंपोरी लग्नाला म्हणून गेली होती. पोलिसांचं म्हणणं, ती नुकतीच दलममध्ये भरती झालेली. यातलं खरं काय, ते मी इथं बसून ठरवू शकत नाही. तुम्हीही नाही. पण तुम्ही त्याच संध्याकाळी ठरवून टाकलंत. पुढे जानेवारी 2019 मध्ये दादालोकांनी कसनासूरच्या तीन माणसांना मारून रस्त्यावर टाकलं. आरोप असा की त्या चकमकीची खबर यांनी दिली. पोलिसांच्या वहीत जी गावं नक्षलवाद्यांची, दादालोकांच्या वहीत तीच खबऱ्यांची. ती दुसरी बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर चार ओळींत आली होती.

कॅम्प म्हणजे काय असतं, हेही सांगायला हवं. उन्हाळ्यात मोहफूल पहाटे गळतं, म्हणून बाया अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. गस्त असेल तर त्या जात नाहीत आणि तेवढी फुलं जनावरांची. बाजारातून एका घराला लागतात त्यापेक्षा जास्त तांदूळ आणले की विचारणा होते, हे कुणाच्या जेवणाचं? मीठ, टॉर्चचे सेल, पावसाळी प्लास्टिक, तापाच्या गोळ्या, सगळ्याचा हिशेब द्यायचा. स्वतःच्या डोंगरावर जायला आधार कार्ड खिशात हवं. जवान वाईटच वागतात असं नाही. कधी कधी पोरांना व्हॉलीबॉल देतात, साड्या वाटतात, मेळाव्यात जेवायलाही घालतात. जेवण घालणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक असली की ‘नको’ म्हणता येत नाही, एवढंच.

तुमच्या घरी प्राध्यापक जी. एन. साईबाबा हे नाव सगळ्यांना माहीत आहे. कुणी त्यांच्या बाजूनं बोललं, कुणी विरुद्ध. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून त्यांच्यावर चाललेल्या त्याच खटल्यात पांडू नरोटे होता, आमच्या एटापल्ली तालुक्यातला. शेतकरी, माडिया. 2017 मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं त्यालाही जन्मठेप दिली. ऑगस्ट 2022 मध्ये नागपूरच्या जेलमध्ये असताना तो आजारी पडला आणि मेला. वय 33. दोन महिनेही झाले नव्हते तोवर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं साऱ्यांना सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्ट खास बसलं आणि तो निकाल थांबवला. मार्च 2024 मध्ये हायकोर्टानं पुन्हा सगळ्यांना निर्दोष सोडलं, मेलेल्या पांडूसकट. तुमच्या चर्चा, तुमचे अग्रलेख मी वाचत होतो. पांडूचं नाव बहुतेक ठिकाणी ‘आणि इतर’ यात होतं. प्राध्यापकांबद्दल मला आदरच आहे. पण इंग्रजी न येणारा, स्वतःवरचं आरोपपत्र वाचू न शकणारा माणूस तुमच्या हळहळीतही शेवटच्या रांगेत असावा, हे मला लागलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नक्षल गावबंदी नावाची एक योजना आमच्या जिल्ह्यात 2003 पासून आहे. गावानं एकत्र बसून ठराव करायचा की नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही, जेवण देणार नाही. ठराव पोलिसांकडे दिला की विकासनिधी मिळतो. फोटो निघतात, पेपरात छापून येतात. म्हणजे गावाला मत असतं, ते ठरावात मांडता येतं आणि शासन ते मानतं, हे सिद्ध झालं. मग त्याच गावानं त्याच पद्धतीनं बसून ‘आमच्या डोंगरावर खाण नको’ असा ठराव केला, तर तो कुणीतरी शिकवून करून घेतलेला कसा ठरतो? ग्रामसभेचं म्हणणं मानणारे कायदेही आहेत, पेसा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्याचं कौतुक तुम्ही आजही भाषणांत करता. ग्रामसभा बांबू विकते तेव्हा ती लोकशाही असते, आणि लोखंड विकायला नाही म्हणते तेव्हा तिच्यामागे कोण आहे याचा शोध सुरू होतो.

सुरजागडचा डोंगर आमच्या ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते, आजूबाजूच्या इलाक्यातली माणसं चालत येतात, छत्तीसगडातूनही. इंग्रजांविरुद्ध लढून 1858 मध्ये चांद्याच्या जेलमध्ये फाशी गेलेल्या बाबूराव सेडमाक्यांची आठवण लोक तिथंच काढतात. 2007 मध्ये या डोंगरावरची 348 हेक्टर जमीन एका कंपनीला लोहखनिजासाठी दिली. दादालोकांनी 2013 मध्ये कंपनीची माणसं मारली, 2016 मध्ये पाऊणशेहून जास्त गाड्या जाळल्या. त्या आगीनं आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं कंपनीचं झालं नसेल. त्यानंतर खाणीविरुद्ध तोंड उघडणारा प्रत्येक माणूस त्या जळक्या गाड्यांच्या बाजूला उभा आहे असंच धरलं गेलं. 2021 पासून पोलीस बंदोबस्तात काम पुन्हा जोरात सुरू झालं. वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर जायचं म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये जनसुनावणी झाली. कुठं? डोंगराखालच्या गावात नाही, एटापल्लीतही नाही. शंभर किलोमीटरहून लांब, गडचिरोलीला. ज्यांच्या विहिरीत लाल पाणी येतं त्यांनी एवढा प्रवास करून दाराशी अडवून घ्यायचं. मंजुरी मिळाली. 2025 मध्ये आणखी 937 हेक्टर जंगल आणि लाखावर झाडं देण्याला केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली.

या सगळ्यात आमची माणसं काय करत होती? मार्च 2023 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या तोडगट्ट्याला धरण्यावर बसली. दमकोंडवाही आणि आसपासच्या डोंगरांवर नव्या खाणी नकोत म्हणून गावोगावची माणसं पाळीपाळीनं येत, झोपड्या बांधून, भात घेऊन, ढोल घेऊन. बाया, म्हातारी माणसं, शेंबडी पोरं. आठ महिन्यांच्या वर बसली. बंदुका नव्हत्या. तुम्हाला नेहमी हवं असतं तसं, संविधान हातात घेऊन चाललेलं आंदोलन होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये पोलीस आले, झोपड्या मोडल्या, माणसं धरून नेली. त्याच सुमारास जवळच वांगेतुरीला चोवीस तासांत नवं पोलीस ठाणं उभं राहिलं, आणि तुमच्या पेपरांत बातमी आली ती त्या चोवीस तासांच्या विक्रमाची. विक्रम मोठाच होता, मान्य. सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यातले आईबाप तापानं गेलेली आपली दोन पोरं खांद्यावर टाकून चिखलातून चालत निघाले, कारण ॲम्ब्युलन्स नव्हती. तो व्हिडिओ पाहून तुम्ही दोन दिवस हळहळलात. चोवीस तासांत काय काय उभं राहू शकतं, हे तेव्हा तुमच्यातल्या कुणी विचारलं असतं तर मला आवडलं असतं.

इंद्रावतीपलीकडे बस्तर आहे. आमच्या सोयरिकी तिकडे. तिकडचं तुम्हाला ‘छत्तीसगडचं’ वाटतं. सारकेगुड्याला जून 2012 मध्ये सुरक्षा दलांनी 17 माणसं मारली, आणि ती माओवादी असल्याचा पुरावा नाही हे न्यायमूर्ती अग्रवाल आयोगानं सांगेपर्यंत 2019 उजाडलं. बुरकापालला माओवाद्यांच्या हल्ल्यात सीआरपीएफचे 25 जवान गेले, त्यासाठी धरलेले 121 आदिवासी पाच वर्षांनी, 2022 मध्ये निर्दोष सुटले. तेवढ्या वर्षांत कुणाची शेती गेली, कुणाची बायको माहेरी गेली. तिथं मूलवासी बचाओ मंच नावाची पोरांची संघटना होती, कॅम्पविरुद्ध धरणं धरणारी. 2024 मध्ये तिच्यावर बंदी आली. त्यासाठी वापरला तो छत्तीसगडचा 2005 चा जनसुरक्षा कायदा. तसलंच विधेयक आपल्या विधिमंडळानं जुलै 2025 मध्ये मंजूर केलं. तुमच्याकडे त्यावर बोलणं झालं ते शहरात कुणाला त्रास होईल यावर. तोडगट्ट्याला पुन्हा कुणी बसलं तर काय होईल, यावर मी तरी काही वाचलं नाही.

तुम्ही आमच्याकडे येत नाही असं मी म्हणणार नाही. दर हिवाळ्यात गाड्या येतात. हेमलकसाला प्रकाशभाऊ आमट्यांच्या दवाखान्याचं काम बघता, डोळे पुसता, चेक लिहिता. ते काम मोठं आहे, माझ्या घरातली माणसं त्या दवाखान्यात बरी झाली आहेत. दिवाळी अंकांत तुम्ही आमचं गोटुल छापता, रेला नाच छापता, मोराच्या पिसांची पगडी मुखपृष्ठावर येते. आजारी माडिया तुम्हाला चालतो, नाचणारा माडिया चालतो, मेलेला तर आकड्यात बसतो. समोर उभं राहून ‘आम्हाला हे नको’ म्हणणारा माडिया दिसला की मात्र तुम्ही त्याच्या पाठीमागे कोण आहे ते वाकून बघता.

आता पाठीमागे कुणी नाही. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे जंगल रिकामं झालं. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात याल तेव्हा आलापल्लीहून सरळ भामरागडकडे न जाता एकदा एटापल्लीचा फाटा घ्या. खनिजाचे ट्रक रांगेनं येतील, काचा वर करून घ्या, लाल धूळ आत येते. सुरजागडच्या आसपासच्या कुठल्याही गावात थांबा आणि ग्रामसभेचं रजिस्टर मागा. कुणी ना कुणी आणून देईल. ठराव मराठीतच आहेत, काही माझ्या हातचे. वेलांट्या चुकलेल्या असतील. पूर्ण वाचा, खालचे अंगठे मोजा, आणि आमचं म्हणणं पटलं नाही तर तिथंच, सगळ्या गावासमोर, तसं सांगा. आम्ही वाद घालू.

एटापल्ली तालुक्यातला एक माडिया