मशेरीची डबी

“तंबाखू खाता का?”

“नाही बाई.”

ओसरीवर बसलेल्या मावशींनी सांगितलं आणि सर्वेक्षणाला आलेल्या मुलीनं ‘नाही’समोर खूण केली. मी शेजारीच होतो. मावशींची तर्जनी काळी झाली होती, सकाळची मशेरी नुकतीच लावून झाली होती. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. पण घरोघरी ती दात घासायची वस्तू, तिला ‘खाणं’ कोण म्हणणार? मावशी खोटं बोलल्या नाहीत.

आता त्यांच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथं जनुकातलं अक्षर न् अक्षर नेमकं वाचलं जातं. मग विचारायचं, अमुक जनुक असलेल्यांना तंबाखू जास्त बाधते का? मावशी मात्र तंबाखू न घेणाऱ्यांत बसल्यात. अशा शेकडो मावशी त्या गटात गेल्या की दोन्ही गट एकसारखे दिसू लागतात आणि खरा संबंधही बहुधा हातून निसटतो. कधी उलटंही होतं. तोंडाचा कर्करोग झालेला माणूस जुन्या सवयी खोदून खोदून आठवतो, धडधाकट शेजारी विसरून जातो. मग तंबाखूचा दोष आहे त्याहून मोठा दिसतो.

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे माणसं वाढवा. माणसं लागतातच. पण केंब्रिजच्या निक डे, निकोलस वेअरहॅम आदींनी 2003 साली गणितानं दाखवून दिलं, की तंबाखूसारख्या बाहेरच्या गोष्टींचं आणि त्यांच्या परिणामाचं मोजमाप नेमकं आणि पुन्हा पुन्हा घेतलं, तर छोटा अभ्यासही ढोबळ मोजमापाच्या वीसपट मोठ्या अभ्यासाची बरोबरी करू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पानं 10,000 जणांचे जीनोम वाचले, याचा मला अभिमान आहे. पुढचा पैसा मात्र ताट, चूल आणि मशेरी मोजायला जावा, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यांचं बारीक मोजमाप परवडत नाही, हे कबूल. मग चिठ्ठ्या टाकून काहीशे जण निवडा आणि त्यांच्या लघवीतलं कोटिनिन तपासा. निकोटिनपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ तंबाखू घेतल्याची खूण देतो. ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरे ‘हो’ होते, हे त्यातून कळतं आणि त्या प्रमाणात सगळ्या अभ्यासाचे आकडे दुरुस्त करता येतात. अर्थात कोटिनिन गेल्या दोन-चार दिवसांचंच सांगतं. वीस वर्षांची सवय विचारूनच कळते, म्हणून प्रश्न त्या घरातल्या भाषेत हवा.

“दात कशानं घासता?” एवढंच त्या मुलीनं विचारलं असतं, तर मावशींनी कनवटीची डबी काढून पुढे केली असती.