माळ्यावरच्या ट्रान्झिस्टरचा नंबर



लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरची माणसे कामाला होती, त्या काळात गावच्या पुष्कळ घरांत पहिला ट्रान्झिस्टर मुंबईहूनच आला. १९८२ च्या संपानंतर कित्येकांचे काम गेले, पण तो रेडिओ अजून तुमच्या माळ्यावर असेल. भंगारात देण्यापूर्वी एकदा खाली काढा, फडके मारा आणि पाठीमागचे झाकण उघडा.

झाकणावर किंवा सेलच्या कप्प्यात मॉडेलचे नाव आणि सेटचा नंबर सापडेल. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव असते आणि लॉट नंबरही असतो, तसेच हे समजा. वाण एकच असले तरी दोन लॉट सारखे उगवतातच असे नाही. रेडिओ ठाण्याच्या मर्फी कारखान्यातला असो की फिलिप्सचा, बाहेरचा चेहरा तोच ठेवून आतले भाग बदलण्याची रीत या धंद्यात होतीच. आधी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बसत, पुढे सिलिकॉनचे आले. तबकडीवर किलोसायकल होते, तिथे किलोहर्ट्झ आले.

नुसत्या नंबरावरून साल कळत नाही. एकाच मॉडेलचे दोन सेट शेजारी ठेवले, तर लहान नंबराचा बहुधा आधीचा, एवढेच म्हणता येते. सालासाठी तीन साक्षीदार विचारा.

पहिला साक्षीदार म्हणजे लायसनचे पुस्तक. १९८० च्या दशकात लायसन रद्द झाले. तोवर रेडिओसाठी पोस्टात दरवर्षी पैसे भरावे लागत. त्या पुस्तकात धन्याचे नाव, सेटचा मेक आणि नंबर सापडतो.

दुसरा, दुकानदाराची चिठ्ठी. लालबागचा जुना पत्ता ‘मुंबई १२’ असा लिहीत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. चिठ्ठीवर ‘४०००१२’ असेल तर विक्री त्यानंतरचीच. मात्र ‘१२’ एवढेच असेल तर खात्री धरू नका; जुनी सवय लोकांनी पुढेही चालवली.

तिसरा, आतले भाग. स्पीकरवर किंवा कंडेन्सरवर कधी कधी तारखेचा शिक्का असतो. चार आकड्यांत ‘७१३२’ असे असेल, तर बहुधा १९७१ सालचा बत्तिसावा आठवडा. सेट त्याच्या मूळ भागाहून जुना असू शकत नाही. पण भाग दुरुस्तीत बदललेला नाही ना, हे डागाच्या कथलावरून पाहा. बाकीच्या डागांहून तो वेगळा चकाकत असेल तर संशय घ्या.

हे सगळे कशासाठी, असे म्हणाल. जर्मेनियमच्या बऱ्याच सेटांत सेलची अधिक बाजू सांगाड्याला जोडलेली असते, सिलिकॉनच्या सेटांत बहुधा उणे. मॉडेल तेच आहे म्हणून शेजाऱ्याच्या सेटासारखा एलिमिनेटर उलटा जोडला, तर ट्रान्झिस्टर क्षणात जळतात. दुसरे असे, की एएफ ११७ जातीच्या चार पायांच्या जुन्या ट्रान्झिस्टरात आतल्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि सेट मुका होतो. जाणत्या कारागिराला हे ठाऊक असते. कित्येकदा चौथा पाय तोडताच आवाज परत येतो. मुका सेट म्हणजे मेलेला सेट नव्हे.

आणखी एक खबरदारी. झाकण सुटे असते. दुरुस्तीच्या दुकानात एकाचे झाकण दुसऱ्याला लागते आणि नंबरही त्याच्याबरोबर जातो. म्हणून सेट दुरुस्तीला देण्याआधी मॉडेल, नंबर आणि चिठ्ठीवरचा पत्ता वहीत उतरून घ्या. गंजलेले सेल काढून टाका, पण चिठ्ठी ओल्या फडक्याने पुसू नका. लायसनचे पुस्तक ट्रंकेच्या तळाशी सापडले तर ते रेडिओसोबतच ठेवा. आजोबांनी मुंबईच्या पगारातून काय घेतले, याचा तेवढाच कागदी पुरावा घरात उरलेला असतो.