विश्लेषण : पावसाळ्यात सुगंधी डिटर्जंट की बिनवासाचे? कपड्यांचा कुबट वास नेमका जातो कशाने?

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अंगणातल्या दोरीवरचे कपडे आधी पडवीत आणि मग हॉलमधल्या पंख्याखाली येतात. दोन दिवसांनीही शर्ट ओलसरच. इस्त्री फिरवली की कुबट वास. मग रामआळीतून जास्त वासाची पावडर आणि जोडीला फॅब्रिक कंडिशनर आणले जाते. त्याने प्रश्न सुटतो का?

कुबट वास कशाचा?

जिवाणूंचा. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये या वासाचे मूळ शोधले, तेव्हा मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू सापडला. कपडा जितका वेळ ओला, तितकी त्याला वाढायला संधी. सुगंध त्याला हटवत नाही, वासावर वास चढवतो. मळ काढतात ते सरफॅक्टंट आणि एन्झाइम. अत्तराचा त्यात काहीच वाटा नसतो. (इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये प्रस्तुत लेखकाने टोपणभर जादा कंडिशनर ओतून हा प्रयोग चार वर्षे केला. निष्पन्न झाला लॅव्हेंडरचा कुबट वास.)

त्रास कोणाला?

सगळ्यांना नाही. नीट खळबळलेल्या कपड्यांमुळे ॲलर्जी होण्याचे प्रमाण कमीच आहे. पण घरात दम्याचा किंवा मायग्रेनचा रुग्ण, एक्झिमा असलेले मूल असेल तर गणित बदलते. खिडक्या बंद असलेल्या खोलीत कपडे वाळतात तेव्हा त्यातली सुगंधी द्रव्ये त्याच हवेत उतरतात. लिमोनिन आणि लिनालूल ही नेहमीची द्रव्ये हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर त्वचेला अधिक त्रासदायक ठरतात. अशा घरांनी बिनवासाचेच घ्यावे.

पाकिटावरून कळते का?

इथेच घोळ आहे. आपल्याकडे पाकिटावर वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता सक्तीने असतो. त्या नियमांत घटकांची पूर्ण यादी येत नाही. सुगंधाबद्दल फार तर ‘परफ्यूम’ एवढाच शब्द. युरोपीय संघात २००५ पासून ठरावीक सुगंधी घटक ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असल्यास डिटर्जंटवर नावानिशी छापावे लागतात. ‘अनसेंटेड’ या शब्दावरही विसंबू नका : मूळ रसायनांचा वास झाकण्यासाठी त्यातही सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधा. पाकिटावर बाळाचा फोटो आहे म्हणजे आत सुगंध नाही, असेही नाही.

मग वास घालवायचा कसा?

पावडर कमी, खळबळणे एकदा जास्त, मशीनमध्ये स्पिन जास्त. कपडे एकमेकांना न चिकटता, पंख्याच्या थेट झोतात वाळत घाला. धुऊन झाल्यावर मशीनचे झाकण उघडे ठेवा. वास धरलेले सुती कपडे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. टॉवेलला मात्र कंडिशनर लावू नका. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी टिपत नाही.