तासाला दोन किलोमीटर

कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर किंवा जॉन्सन व्हॅलीच्या खडकाळ घळींत चढवायला बग्गी बांधायची, तर आधी वेगाचा मोह सोडावा लागतो. अशा गाडीचा जीव गिअरमध्ये असतो. पहिला गिअर चारास एक, ट्रान्सफर केस चारास एक, अ‍ॅक्सल पाचास एक, गुणाकार 80. म्हणजे इंजिनाचे 80 फेरे झाले की चाक एकदा फिरणार. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असताना 40 इंची टायरची गाडी तासाला जेमतेम दोन किलोमीटर सरकते, आणि चालकाला चाकाखालचा प्रत्येक दगड जाणवतो. टायरची हवा मुद्दाम उतरवतात, दहा पौंडांच्याही खाली, म्हणजे रबर दगडाला बिलगून बसतं. ते रिमवरून निसटू नये म्हणून बाहेरच्या कडेला बोल्टांनी आवळलेली कडी, बीडलॉक. डिफरन्शियलही लॉक केलेला हवा, नाहीतर एक चाक हवेत लटकलं की ते नुसतं गरगरत राहतं आणि त्याच अ‍ॅक्सलचं जमिनीवरचं चाक गाडी ढकलत नाही. सीट, दिवे, रंग नंतर बघता येतील. सांगाड्यात मात्र तडजोड नको. एका पाइपाचं टोक दुसऱ्याच्या गोलाईवर फट न राहता बसेपर्यंत घासत राहायचं, मगच वेल्डिंगचा पहिला टॅक मारायचा. गाडी खडकावर उलटते तेव्हा चालकाचं डोकं आणि दगड यांच्यामध्ये हेच जोड असतात, आणि घाईत भरलेला वेल्ड वरून कितीही चकचकीत दिसला तरी आत धातू नीट मुरलेला नसू शकतो.