कॉम्प्युटर सुरू होतो, पण स्क्रीन काळीच : नवी रॅम विकत घेण्याआधी काय तपासायचं?

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतले पंखे फिरले, लाईट लागला, पण स्क्रीनवर काहीच आलं नाही. काही वर्षांपूर्वी अशा वेळी दुकानदार म्हणायचा, "रॅम गेली असेल, दुसरी टाकून बघू." लोकही फारसा विचार न करता हो म्हणायचे, कारण रॅम हा कॉम्प्युटरमधला त्यातल्या त्यात स्वस्त भाग होता.

आता तसं राहिलेलं नाही. २०२५च्या उत्तरार्धात जगभरात रॅमच्या किमती इतक्या चढल्या की अनेक ठिकाणी त्या दुपटीच्याही पुढे गेल्या. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने 'क्रुशियल' हा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सामान्य ग्राहक दुकानातून जी रॅम आणि एसएसडी घेतो, ती विकणारा हा ब्रँड जवळपास तीन दशकं बाजारात होता. त्यामुळे 'टाकून बघू' हा प्रयोग आता चांगलाच महागात पडू शकतो.

रॅम महागली कशामुळे?

जगातली बहुतांश रॅम तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयसाठी उभी राहणारी डेटा सेंटर सध्या या तिघींची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं झाली आहेत. त्यांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, ज्यात चिप एकावर एक रचलेल्या असतात. मायक्रॉननेच सांगितल्याप्रमाणे, तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ रॅमपेक्षा एचबीएमला सिलिकॉनच्या चकत्या साधारण तिप्पट लागतात. कारखाने तेवढेच, चकत्याही तेवढ्याच. मग एआयकडे जास्त गेल्या की घरगुती रॅमसाठी उरतात कमी. जुन्या कॉम्प्युटरमध्ये असते ती डीडीआर४ तर कंपन्या आधीपासूनच कमी करत आल्या होत्या. नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात, म्हणजे हे दोन-चार महिन्यांत निवळणारं प्रकरण नाही.

त्यात दुसरी भर पडली ती विंडोज १०ची. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे नीट चालणारे असंख्य कॉम्प्युटर एका दिवसात 'जुने' ठरले. पण विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून कोणाची स्क्रीन काळी होत नाही. मशीन आधीसारखंच चालतं, फक्त सुरक्षेचे अपडेट थांबतात. त्यासाठीही घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत मिळाली. दुकानात मात्र या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि सल्ला मिळतो, "आता हा जुना झाला, नवीनच घ्या." नव्या मशीनमध्येही तीच महागलेली रॅम असते, हे कोणी सांगत नाही.

बिघाड नेमका कुठे आहे?

पंखे फिरतात पण चित्र नाही, याचा अर्थ मशीन मेलं असा होत नाही. आधी मॉनिटर बाजूला काढा. त्याची व्हिडिओ केबल काढून फक्त वीज चालू ठेवा. 'नो सिग्नल' असं काही दिसलं, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. मग मॉनिटरवरच्या बटणाने इनपुट तपासा. केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर व्हीजीएवर सेट, हा गोंधळ वाटतो त्यापेक्षा जास्त घरांत होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लागते आणि स्क्रीन काळी राहते.

हे सगळं बरोबर असेल, तर रॅमकडे वळायचं. इथे बहुतेक वेळा रॅम गेलेली नसते, तिचा स्लॉटशी संपर्क सुटलेला असतो. धूळ आणि दमट हवा ही त्याची नेहमीची कारणं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बंद पडून राहिलेला कॉम्प्युटर गणपतीनंतर सुरूच होत नाही, तो अनेकदा यामुळेच.

उपाय जुनाच आहे. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्लॉटच्या टोकाची खिटी उघडून रॅम काढा, सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने हलकेच पुसा, रबराचा भुगा झटका आणि खिटी 'टक्' आवाज करेपर्यंत रॅम परत बसवा. दोन रॅम असतील, तर एकेक करून लावून बघा. एकीवर चालू झाला आणि दुसरीवर नाही, तर खराब रॅम कोणती ते कळतं. पण तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये चालते का, हेही बघा, नाहीतर स्लॉटची शिक्षा रॅमला व्हायची. डीडीआर५ असलेल्या मशीनमध्ये रॅम काढून लावल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. तेवढा धीर धरा, लगेच बटण दाबून बंद करू नका.

दर वेळी सुरू करताना तारीख-वेळ चुकते, वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात, अशी तक्रार असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. एवढ्याशा सेलपायी विंडोज पुन्हा टाकून घेणारेही आहेत.

स्क्रीनवर रेघा येतात किंवा रंग विचित्र दिसतात, तेव्हा एक स्क्रीनशॉट काढून स्वतःच्याच फोनवर पाठवा. फोनवरही रेघा दिसल्या, तर दोष ग्राफिक्स किंवा ड्रायव्हरकडे आहे. फोनवर चित्र स्वच्छ असेल, तर केबल किंवा पॅनेल बघावं लागेल. चालू असताना मध्येच स्क्रीन काळी पडत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

लॅपटॉपचं काय?

लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडा आणि विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. टीव्हीवर चित्र आलं, तर मदरबोर्ड जिवंत आहे आणि दोष पॅनेलमध्ये किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीसारख्या केबलमध्ये आहे. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल, तर केबलचाच संशय जास्त. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यावर पुसट आयकॉन दिसले, तर फक्त बॅकलाइट गेला आहे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाख दिलेली असते, तिथे खोडरबराचा उपाय नाही.

दोन ठिकाणी मात्र हात घालू नये. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आणि लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवायचं. ती दाबून बसवायचा प्रयत्न केला तर आग लागू शकते.

दुकानात न्यायचीच वेळ आली तर

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो की गल्लीतलं ओळखीचं दुकान, "चालू होत नाही, बघा" एवढंच सांगून मशीन ठेवून येणं ग्राहकाला परवडणारं नाही. "मॉनिटर ठीक आहे, एका रॅमवर चालतो, दुसरीवर नाही" असं सांगितलं, तर अंदाजाने भाग बदलायला जागा उरत नाही. भाग बदलावा लागलाच, तर जुना परत मागा, तो तुमचा आहे.

डेटाचंही आधीच बोलून घ्या. बऱ्याच दुकानांत पहिला इलाज विंडोज नव्याने टाकण्याचा असतो आणि त्यात डेस्कटॉपवरचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब पुसले जाऊ शकतात. कॅबिनेट असेल तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घरीच ठेवता येते, रॅम किंवा डिस्प्ले तपासायला तिची गरज नसते.

एक खबरदारी या महागाईमुळे नव्याने घ्यावी लागते आहे. जुनी रॅमही आता विकण्यासारखी वस्तू झाली आहे. मशीन चालू असतानाच टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात मेमरी किती जीबी आणि किती स्पीडची आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. बंद पडलेल्या मशीनचं झाकण उघडता येत असेल, तर रॅमवरच्या लेबलचा फोटो घ्या आणि पावतीवर तो आकडा लिहून मागा. दुरुस्त होऊन आल्यावर पैसे देण्याआधी दुकानातच टास्क मॅनेजर उघडा आणि १६ जीबीचे ८ तर झाले नाहीत ना, ते बघा.